फळ्याचा मान

मेश्राम मॅडम उघड्या दारालासुद्धा टकटक करायच्या. दार सताड उघडं असो, आत पन्नास मुलं त्यांचीच वाट पाहत बसलेली असोत, त्या उंबऱ्याबाहेर थांबायच्या, चौकटीवर बोटाने दोनदा वाजवायच्या आणि विचारायच्या, "येऊ का?" पाचवी-सहावीच्या मुलांना. मुलं ओरडायची, "आइए!" मग त्या आत यायच्या.

माझी मुलगी मुक्ता सहावीत असताना तिच्या वर्गाने एकदा गंमत करायची ठरवली. मॅडमनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "मत आइए!" मॅडम "बरं" म्हणाल्या आणि बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मुलं हसली, मग खुसफुसली, मग गप्प झाली. त्या उभ्याच. प्राचार्य फेरीवर आले.

"मैडम, आप बाहर क्यों खड़ी हैं?"

"बच्चों ने मना किया है, सर."

"तो?"

"तो खड़ी हूँ."

तास संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चौकट वाजवली, पुन्हा विचारलं. वर्गाने जीव खाऊन "आइए" म्हटलं. आत येऊन त्या म्हणाल्या, "कल आप लोगों ने ना कहा. मैंने डाँटा? रूठी? चॉकलेट देकर मनाया? नहीं ना? ना कहने के बाद जो इनमें से कुछ भी करे, उसका नाम घर जाके बताना. चाहे कोई भी हो." मग त्यांनी पचनसंस्थेचा धडा काढला.

हे मला मुक्ताने सांगितलं आणि पुढे प्राचार्यांनीही, जरा वैतागून. मी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणारा माणूस आहे. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जमाखर्च सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ती सवय लागली आहे. शाळेच्या समितीवर पालकांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं तेही आकडे तपासता येतात म्हणून. शाळा पंडरी नावाच्या बाजाराच्या पलीकडे. कापड बाजारातल्या दुकानदारांची मुलं, आमच्यासारख्या नोकरदारांची मुलं, आणि ऑटोत दाटीवाटीने बसून येणारी बीरगांवच्या कामगारांची मुलं, अशी सरमिसळ. त्या समितीमुळे मेश्राम मॅडम मला जवळून पाहायला मिळाल्या.

त्या जीवशास्त्र शिकवायच्या. वडील रेल्वेत होते, मूळ गाव भंडाऱ्याकडचं, जन्म आणि शिक्षण सगळं रायपूरचं. पन्नाशीच्या अलीकडच्या, उंच, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. प्रत्येक कुर्त्याला शिंप्याकडून दोन मोठे खिसे लावून घ्यायच्या. एका खिशात खडूचे तुकडे, दुसऱ्यात फुटाणे. फुटाणे समोरच्याला द्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. तळहातावर घेऊन हात पुढे करायचा आणि थांबायचं. दुसऱ्याच्या हातात कधी कोंबायच्या नाहीत. कोणी नको म्हटलं तर "बरं, वाचले" म्हणून स्वतःच्या तोंडात टाकायच्या. पंधरा ऑगस्टला मुलांच्या छातीवर झेंडा लावतानाही विचारायच्या, "मी लावू का तू लावतो?" आमच्या समितीतले एक गृहस्थ म्हणायचे, या बाई श्वास घ्यायच्या आधीसुद्धा हवेला विचारत असतील.

शनिवारी शेवटचा तास त्यांच्याकडे असायचा. वेळापत्रकात त्याचं नाव जीवन कौशल. मुलं त्याला "मना करने का पीरियड" म्हणायची. त्या तासाला शरीर, मैत्री, कोणाशी कसं वागायचं, कोणी कसं वागलं तर काय करायचं, हे सगळं त्या शिकवायच्या. शरीराच्या सगळ्या भागांची नावं त्या कोपर-गुडघा म्हणावं तशी म्हणायच्या. बीरगांवचा एक नवा पोरगा हे फारच मनावर घेऊन सोमवारी म्हणाला, "मैडम, होमवर्क को ना." मॅडम म्हणाल्या, "ना आपके शरीर के लिए है बेटा, आलस के लिए नहीं. कॉपी निकाल."

त्या तासाला मुलांना हात पुढे करायला लावून त्या बोटं मोजायला सांगायच्या. अंगठा म्हणजे असं मोठं माणूस, की ज्याला तू सगळ्यात आधी सांगशील. मग पुढचं बोट, मग त्याच्या पुढचं. "पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे. दुसऱ्याने हसण्यावारी नेलं तर तिसऱ्याकडे. पाचही माणसं घरातलीच नको. थकायचं नाही." नावं लिहून घ्यायच्या नाहीत. ज्याची त्याने मनात ठेवायची.

मुक्ताने मात्र घरी जेवताना हात वर करून सांगितलं. अंगठा आई. मग नागपूरची आजी, मग मेश्राम मॅडम, मग मावशी. करंगळी उरली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "और ये पापा." पाचात पाचवा. बायको वैशाली हसू दाबत म्हणाली, "घ्या, नंबर तर लागला." मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, करंगळी काही कमी नाही. पुष्कळ बापाइले तर पोट्टे हातावरच घेत नाहीत."

गुपिताबद्दलही त्यांचं एक वाक्य होतं, ते मी अनेकदा ऐकलं. वाढदिवसाचं सरप्राईज लपवायला हरकत नाही, कारण ते उघडायचा दिवस ठरलेला असतो. "जे गुपित कधीच उघडायचं नाही, ते गुपित नसते. तो फास असते."

पालकसभेत एकदा त्यांना घेरलं. मी त्या सभेत होतो. एक बाई उठून म्हणाल्या, "मॅडम, आमच्या पोरी अजून बाहुल्या खेळतात आणि तुम्ही त्यांना हे नावं शिकवून राहिल्या. घरी येऊन जेवताना बोलतात. सासरे उठून गेले ताटावरून."

"जेवताना नको बोलायले," मॅडम म्हणाल्या, "तेवढं मी सांगीन. पण नावं लागतात, ताई. ज्या गोष्टीले घरात नावच नाही, तिची तक्रार पोट्टी कोणत्या शब्दात करन, सांगा मले?"

"आमच्या घरी तक्रार करायची वेळ येत नाही."

"हव. सगळेच असं म्हणतात."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "ज्यांचं लग्न नाही झालं त्यांना या विषयाची भारी हौस."

मॅडमनी मागे वळून शोधलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नाही झालं. म्हणून तर शनिवारी वेळ हाय." दोन-चार जण हसले. बाकीचे हसले नाहीत. त्या सभेनंतर तास बंद करा असा अर्ज समितीकडे आला. सह्या बऱ्याच होत्या. प्राचार्यांनी तो ठेवून दिला, पण फाडला नाही.

आता सरांबद्दल लिहायला हवं. त्यांचं नाव लिहीत नाही. खटला चालू आहे आणि निकाल लागेपर्यंत माणसाला आरोपी म्हणावं असं मी मानतो. सर आमच्या शाळेचे नव्हते. बूढ़ापाऱ्यात तलावामागच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत ते गणिताचा क्लास घ्यायचे. आमच्या मराठी घरांतली दोन पिढ्यांची मुलं तिथे शिकली. गरिबांकडून पैसे घेत नसत. स्वर सौम्य, कपडे पांढरे, बायको वारलेली. लग्नमुंजीत पहिल्या पंगतीला बसवायचा माणूस. क्लासला जाताना मुलं पायरीवर चपला काढायची, आत गेल्यावर सरांच्या पाया पडायची. सर पाठीवरून हात फिरवून "यशस्वी भव" म्हणायचे. सुटल्यावर पुन्हा पाया पडायचं, पुन्हा आशीर्वाद.

आणि तिथे फळ्याचा मान होता. क्लास सुटला की एक जण मागे थांबायचा. फळा पुसायचा, सतरंज्या गुंडाळायच्या, आणि त्या बदल्यात सर त्या एकट्याला अडलेली गणितं समजावून सांगायचे. अर्धा तास, कधी जास्त. मुलाला मान मिळाला की घरात आनंद व्हायचा. आया एकमेकींना विचारायच्या, तुझ्याकडे मान आला का गं या महिन्यात? माझ्या पोरीला परीक्षेच्या आधी द्या, असं सांगायला बाप मिठाई घेऊन जायचे. ज्याला मान असेल त्याला उशिरा घ्यायला यायचं, हा शिष्टाचार होता. लवकर जाऊन दार वाजवणं म्हणजे सरांच्या वेळेचा अपमान. आम्हा लोकांना इंजिनीयरिंगच्या प्रवेशापुढे दुसरं काही दिसत नाही. त्यामुळे एक मूल आणि एक मोठा माणूस बंद दाराआड अर्धा तास ठेवण्याची सोय आम्ही स्वतःच केली, तिला मान हे नाव दिलं, आणि ती आपल्या घरी यावी म्हणून रांग लावली.

ती मुलगी त्या रांगेत होती. तिचं नाव, वर्ग, घर मी लिहिणार नाही. कायद्याने लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. जे लिहितो ते तिच्या वडिलांनी मला सांगितलेलं आणि लिहायला हरकत नाही म्हटलेलं तेवढंच आहे.

एका शनिवारी बोटं मोजण्याचा तास चालू होता. मुलं हात पुढे करून पुटपुटत होती. पुष्कळांनी मोठ्याने सांगून टाकलं, अंगठा मम्मी, दुसरे सर. क्लासला जाणारी बहुतेक मुलं सरांना कुठल्या ना कुठल्या बोटावर बसवत होती. त्या मुलीने हात पुढे केला होता, पण मूठ मिटलेली. मॅडम तिच्या बाकाजवळून दोनदा गेल्या. काही विचारलं नाही. तिसऱ्या वेळी फुटाण्यांचा हात पुढे केला. मुलीने मान हलवली. मूठ उघडली नाही.

हे मॅडमनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, नाव न सांगता. समितीच्या बैठकीनंतर मी गाडी काढत होतो.

"भाऊ, तुम्ही हिशोबाचे माणूस. एक आकडा जुळत नसला तर काय करता?"

"शोधतो."

"आणि सापडेपर्यंत?"

"सही करत नाही."

"मी बी तेच करून राहिली," त्या म्हणाल्या. "एका पोट्टीची मूठ बंद हाय. पुरावा काहीच नाही. मूठ म्हणजे पुरावा नाही, मले समजते. पण मी सही नाही करत."

पुढच्या पालकसभेत त्यांनी एकच गोष्ट मागितली. क्लासचं नाव घेऊन नाही, सगळ्यांसाठी म्हणून. ट्यूशनला, गाण्याच्या क्लासला, कुठेही मूल एकटं मागे ठेवू नका. "फळा पुसायले एक काहून? दोन लावा. नाही तर दार उघडं ठेवा. फुकटचा उपाय हाय."  फळा म्हटल्यावर कोणाबद्दल हे सगळ्यांना कळलं. एक गृहस्थ उठले. त्यांचे दोन्ही मुलगे सरांकडे शिकून पुण्याला गेले होते. "मॅडम, जीभ आवरा. तो देवमाणूस आहे." मॅडम म्हणाल्या, "मी माणसाबद्दल बोललीच नाही. दाराबद्दल बोलली." कोणी ऐकलं नाही. मान एकाचाच राहिला.

तेव्हा मेश्राम मॅडमनी जे केलं ते रायपुरात दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्या रोज संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला आपल्या जुन्या मोपेडवर बूढ़ापाऱ्यात जाऊ लागल्या. दार वाजवायचं. "येऊ का, सर?" सर म्हणायचे, "या, या." नको म्हणायला कारण नव्हतं. आत जाऊन त्या स्वतःचं फडकं काढायच्या आणि म्हणायच्या, "फळा मी पुसते." मग फळा पुसून भिंतीशी बसायच्या. मान असलेल्या मुलाला सर गणित समजावून सांगायचे, मॅडम फुटाणे खात ऐकायच्या. मूल बाहेर पडून चपला घालून गल्लीच्या टोकाला गेलं की उठायच्या.

गल्लीत चर्चा झाली. पानठेल्यावर म्हणायचे, म्हातारपणी सरांवर लाइन मारून राहिली. एका पालकाने मॅडमना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मारून राहिली तर तुम्ही काहून जळून राहिले?" मुक्ताही सरांच्या क्लासला जायची; वैशाली एकदा तिला घ्यायला गेली होती, तिने आत डोकावून पाहिलं. मला म्हणाली, "अहो, दोघं चहा पीत बसले होते. सर हसून बोलत होते. मॅडमही. पण मला तिथे उभं राहवेना. थंडी वाजल्यासारखं झालं."  

काही आठवडे असे गेले. एक दिवस सरांनीच मॅडमना अत्यंत नम्रपणे सांगितलं की आता तुम्हाला त्रास नको. संध्याकाळचा मान मी बंद केला. मॅडमनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं असेल का, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. संध्याकाळचा मान खरंच बंद झाला होता. तो रविवारी सकाळी ठेवला होता. बॅच सुरू होण्याआधी एका मुलाने लवकर यायचं, सतरंज्या अंथरायच्या. हे सर आयांना फोनवर एकेकीला सांगत होते. कोणाला वाटलं नाही की हे मॅडमना सांगावं. मॅडमना सरांचा राग येतो, त्यांच्या कानावर कशाला घालायचं, असा सगळ्यांनी आपापला विचार केला.

मग एका सोमवारी ती मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली. दार उघडंच होतं. तिने चौकट दोनदा वाजवली आणि विचारलं, "मैडम, मैं आऊँ?"

आत काय बोलणं झालं ते मॅडमनी कोणालाच सांगितलं नाही, पोलिसांना सोडून. वडिलांनी सांगितलं ते एवढंच. मुलीने आधी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, सर माया करतात, तू मोठी होतेयस म्हणून तुला काहीतरीच वाटतं. आजीला सांगितलं. आजीने देवापुढे बसवलं. तिसरी मॅडम. मॅडमनी तिला सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, मी तुझं खरं मानते, आणि हे मी गुपित ठेवू शकत नाही. मी कोणाला सांगणार आहे, ते तुला आधी सांगीन. मग त्यांनी हात पुढे करून विचारलं, "बसू तुझ्याजवळ?" मुलगी हो म्हणाली तेव्हाच त्या बसल्या.

दुपारी तातडीची बैठक लागली. प्राचार्य, ट्रस्टचे सचिव, आम्ही समितीचे लोक. सचिवांचं पंडरीत साड्यांचं घाऊक दुकान. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. ते म्हणाले, "मैडम, परीक्षा सिर पर है. पंद्रह दिन रुक जाइए. हम अपने तरीके से पूछताछ कर लेंगे."

"रुकने का हक मेरे को नहीं है, सेठजी. आपको भी नहीं. कायदा है. पता चला तो बताना पड़ता है."

"किस बच्ची की बात है, नाम तो बताइए."

"नाही सांगत."

"हम मैनेजमेंट हैं!"

"हव. म्हणूनच नाही सांगत."

कोणी म्हणालं, एवढा मोठा माणूस, मुलांच्या डोक्यात तुम्हीच भरवलं असेल. शनिवारच्या तासाला जे शिकवता त्याचा हा परिणाम. मॅडम हे ऐकून प्रथमच थांबल्या. चेहरा उतरला. मग हळू म्हणाल्या, "परिणाम तर हाय. तिले सांगता आलं." फडकं, खडू, फुटाण्याची पुडी टेबलावर ठेवून त्यांनी खिसे रिकामे केले, पुन्हा भरले आणि दाराकडे निघाल्या. मी विचारलं की तुम्ही पोलिसांत एकट्या जाणार का. त्या म्हणाल्या, "तिचा बाप बाहेर उभा हाय. त्याले मघाशी सांगितलं. पहिले मले मारायले धावला. आता रडून राहिला. चालते."

त्या दिवशी संध्याकाळी गुन्हा नोंदवला गेला. महिला अधिकारी साध्या कपड्यांत मुलीच्या घरी जबाब घ्यायला आली. आई दुसऱ्या खोलीत दार लावून बसली होती. जबाब संपायच्या आत ती बाहेर आली आणि मुलीच्या शेजारी बसली. नंतर आणखी दोन घरांतून मुलं बोलली. एक मुलगा होता. त्याचं वय आता नोकरी करण्याचं आहे.

त्या आठवड्यात मी मुक्ताला विचारलं. कसं विचारायचं हे मी मॅडमकडून आधी शिकून घेतलं होतं. शब्द तिच्या तोंडात घालायचे नाहीत, घाई करायची नाही, चेहरा नीट ठेवायचा. मुक्ता पेन्सिलला टोक करत होती. म्हणाली, "पापा, मेरा मान तो तब था जब मैडम आती थीं." मग पुन्हा टोक करू लागली. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कोणाच्या तरी मुलाची रविवार सकाळ आली होती, माझ्या मुलीची संध्याकाळ. एवढाच फरक. तो फरक मेश्राम मॅडमच्या फडक्याने केला होता, आणि तो सगळ्यांना पुरला नव्हता.

मॅडमना शाळेने काढलं नाही. त्यांना "पुढील आदेशापर्यंत" घरी बसवलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, शाळेची बदनामी. मी आणि एक निवृत्त डॉक्टर विरोधात होतो, बाकी सगळे बाजूने. शनिवारचा तास गणिताला दिला गेला. बाजारात, मंदिरात, लग्नात मॅडमबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. कोणीतरी त्यांच्या मोपेडची सीट ब्लेडने चिरली. त्यांनी तीवर पिशवी टाकली आणि गाडी चालवत राहिल्या.

मी त्यांच्याकडे एकदा गेलो होतो. दोन खोल्या, वडिलांचा रेल्वेच्या टोपीतला फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती. त्यांनी ताटलीत फरे दिले, तांदळाच्या पिठाचे, वाफवलेले, गरम. मी म्हटलं, मॅडम, लोक शांत होतील. त्या म्हणाल्या, "लोक शांतच हायेत भाऊ. तेच तर भेव हाय." मग म्हणाल्या, "मले एक गोष्ट टोचते. मान बंद झाला म्हटल्यावर मी घरी येऊन झोपली. मी विचारलं नाही, कुठं गेला मान. बंद झालेल्या गोष्टी कुठंतरी जातात."  

ती मुलगी टिकली. शाळा बदलली, गाव बदललं. वडील म्हणतात, गणित तिने सोडलं, चित्रं काढते. तारखेला येते, सांगायचं ते सांगते, जाते. खटला अजून चालू आहे.

सरांना जामीन मिळाला. मुलांना शिकवायला मनाई आहे. ती त्यांनी कागदावर पाळली. बूढ़ापाऱ्यातल्या त्याच खोलीत आता पुतण्या क्लास घेतो. बाहेर पुतण्याच्या नावाची पाटी आहे. सर घरातच असतात. काही महिने क्लास ओस होता. मग परीक्षांचे निकाल लागले, पुतण्याही बरं शिकवतो असं कोणी म्हणालं, आणि पायरीवर पुन्हा चपला दिसू लागल्या. मी माझ्या ओळखीच्या घरी जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकलं. एकाने मला चहा दिला आणि म्हणाला, आता तर तिथे पुतण्या आहे.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून परत येताना मी त्या गल्लीतून गाडी घातली. क्लास सुटला होता. मुलं सायकली काढत होती, आया स्कूटीवर हॉर्न देत होत्या. समोरच्या बाजूला, बंद दुकानाच्या फळीला टेकून मेश्राम मॅडम उभ्या होत्या. मोपेड शेजारी, सीटवर पिशवी. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि नजर पुन्हा पायरीवर नेली. मीही तिकडे पाहिलं. चपलांच्या जोड्या कमी होत होत्या. मुलं एकेक करून घालत होती, निघत होती. पुतण्या बाहेर आला, कोणाशी तरी फोनवर बोलत तलावाच्या बाजूला निघून गेला. गल्ली मोकळी झाली. पायरीवर एक जोडी उरली. निळ्या पट्ट्यांची, लहान.

दार आतून ओढून घेतलं गेलं.

मॅडम रस्ता ओलांडून पायरी चढल्या. मला वाटलं, आता चौकट वाजवतील, विचारतील, येऊ का. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात दारावर ठेवले आणि ढकललं. दार भिंतीवर जाऊन आपटलं.

आतून त्यांचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"तू घरी जाय बेटा. फळा मी पुसते."